रात्रपाळी कोणत्या तारखेची? संगणकीय आकडेवारीतल्या कालखंडांचा आढावा

रात्री १०ला सुरू होऊन सकाळी ६ला संपणारी पाळी १४ तारखेची धरायची की १५ची? रायपूरच्या उत्तरेकडच्या उरला औद्योगिक वसाहतीत या प्रश्नावर कोणी वाद घालत नाही. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. रात्रपाळी ज्या तारखेला सुरू झाली त्या तारखेच्या हजेरीत लागते आणि विषय संपतो. संगणकाला हा रिवाज माहीत नसतो. अशा एखाद्या मिलमध्ये आज वीजमीटर, फर्नेसवरचे सेन्सर, धुराड्यावरचं प्रदूषणमापक यंत्र आणि या सगळ्यांचा डेटा गोळा करणारा सर्व्हर असं सगळं एकाच वेळी आकडे ओतत असतं. ‘काल रात्रपाळीत सरासरी किती?’ असं या प्रत्येकाला विचारलं, तर प्रत्येक जण ‘काल रात्र’ आपापल्या परीने ठरवून उत्तर देतो. आकडे जुळत नाहीत, आणि मग दोष मीटरला दिला जातो.

यंत्रणांच्या आकडेवारीला प्रश्न विचारताना कालखंड कसा सांगायचा, त्यासाठी निरनिराळ्या साधनांनी कोणती फंक्शनं दिली आहेत आणि ती एकमेकांपासून कुठे वेगळी वागतात, याचा हा आढावा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. कालखंड ही डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली किरकोळ निवड नव्हे; निम्मं उत्तर तिथेच ठरतं. आणि भारतात, त्यातही तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात, हा निर्णय साधनाच्या मूळ मांडणीवर सोडला तर उत्तर बहुतेक वेळा चुकतं.

एका पाळीसाठी दोन फायली

सुरुवात लिनक्सवरच्या एका जुन्या, अजूनही रोज वापरात असलेल्या साधनापासून करू. सेबास्तियां गोदार यांच्या सिसस्टॅट संचातली ‘सार’ ही आज्ञा प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांची आकडेवारी दाखवते. नेहमीच्या मांडणीत दर १० मिनिटांनी एक नोंद होते आणि दर दिवसाची वेगळी फाइल बनते. फाइलच्या नावात बहुधा महिन्यातली तारीख तेवढी असते. किती वाजल्यापासून आणि किती वाजेपर्यंत हे सांगायला दोन पर्याय आहेत, पण ते त्या फाइलच्या आतच लागू होतात.

रात्रपाळीची गंमत इथेच सुरू होते. रात्री १० ते १२ हे दोन तास १४ तारखेच्या फाइलमध्ये आणि १२ ते ६ हे सहा तास १५च्या फाइलमध्ये. दोनदा विचारावं लागतं, दोन सरासऱ्या हातात येतात, आणि घाईत असलेला माणूस त्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढतो. समजा, पहिल्या दोन तासांत प्रोसेसरवरचा भार ८० टक्के होता आणि नंतरच्या सहा तासांत ४० टक्के. सरळ सरासरी ६० येते. खरी सरासरी ५० आहे, कारण दुसरा तुकडा तिप्पट लांबीचा आहे.

ही चूक गणिताची कमी आणि मांडणीची जास्त. साठवणुकीचा सांधा आणि प्रश्नाचा सांधा एका जागी नसेल, तर दोन्ही सांभाळणारं फंक्शन कुणाला तरी लिहावंच लागतं. पुढच्या पिढीतल्या साधनांनी दिवसाची फाइल काढून टाकली आणि सलग काळरेषा दिली. सांधे तिथेही राहिलेच, फक्त ते नजरेआड गेले.

टोकं आत की बाहेर?

कालखंडाला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोक आत धरायचं की बाहेर, हे ठरवावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात क्रमांकांच्या पट्ट्यांबद्दल हाच मुद्दा मांडला होता. सुरुवात आत आणि शेवट बाहेर ठेवला की दोन टोकांमधली वजाबाकी म्हणजेच लांबी, आणि एका पट्ट्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात. मध्ये फट राहत नाही, काही दोनदा मोजलं जात नाही. पाळ्यांना हे चपखल लागू पडतं. सकाळी ठीक ६ वाजताची नोंद पहिल्या पाळीची, रात्रपाळीची नाही.

एसक्यूएलमधला ‘बिटवीन’ मात्र दोन्ही टोकं आत घेतो. आपल्याकडे याचा सर्वांत जास्त फटका आर्थिक वर्षाच्या अहवालांना बसतो. ‘१ एप्रिल ते ३१ मार्च’ असं बिटवीनमध्ये लिहिलं आणि रकान्यात तारखेबरोबर वेळही असेल, तर ३१ मार्च याचा अर्थ ३१ मार्चची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा पहिला क्षण एवढाच घेतला जातो. वर्षाचा अख्खा शेवटचा दिवस गळतो. यावर रूढ झालेला उपाय म्हणजे शेवटी २३:५९:५९ लिहिणं. त्याने शेवटच्या सेकंदातल्या नोंदी सुटतात. म्हणून कोणी पुढे ९९९ मिलिसेकंद जोडतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारात वेळ सुमारे ३ मिलिसेकंदांच्या टप्प्यांवर गोल होते, त्यामुळे तिथे ९९९चं पुढच्या दिवसाच्या मध्यरात्रीत रूपांतर होतं. पळवाट शोधण्यापेक्षा ‘१ एप्रिलपासून, पुढच्या १ एप्रिलच्या आधी’ असं लिहिणं सरळ आहे.

नव्या साधनांचा कल याच बाजूला आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१२च्या ९.२ आवृत्तीपासून काळाचा पट्टा हा स्वतंत्र डेटाप्रकार मिळाला आणि वेगळं काही सांगितलं नाही तर त्यात सुरुवात आत, शेवट बाहेर असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉचमध्येही सुरुवातीची वेळ आत आणि शेवटची बाहेर धरतात. इन्फ्लक्सडीबीच्या फ्लक्स भाषेतलं ‘रेंज’ फंक्शन हाच नियम पाळतं.

प्रॉमिथिअसने मात्र उलटी वाट धरली, आणि त्यामागे कारण आहे. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली जन्मलेल्या या साधनात प्रश्न ‘या क्षणी उभं राहून मागची ५ मिनिटं पाहा’ असा असतो. पाहणारा शेवटच्या टोकावर उभा असल्याने ते टोक आत असायलाच हवं. बराच काळ त्यात दोन्ही टोकं आत होती. दर मिनिटाला एक नोंद येत असेल, तर ५ मिनिटांच्या पट्ट्यात एरवी ५ नोंदी सापडत. प्रश्नाची वेळ नोंदीच्या वेळेशी तंतोतंत जुळली की ६. नोव्हेंबर २०२४मधल्या ३.० आवृत्तीने डावं टोक बाहेर काढलं. आता नोंदी ५ म्हणजे ५च. पण ज्यांनी मिनिटाला एक नोंद असताना पट्टाही एकाच मिनिटाचा ठेवला होता, त्यांच्या आलेखांत पूर्वी कधी योगायोगाने दोन नोंदी सापडून दर निघे, तो आता निघेनासा झाला. दर काढायला किमान दोन नोंदी लागतात.

सुरुवात बाहेर ठेवणं किंवा शेवट बाहेर ठेवणं, दोन्ही सुसंगत आहेत. घोटाळा होतो तो एकाच अहवालात दोन्ही मिसळल्यावर. भर म्हणून, १५ मिनिटांच्या सरासरीवर शिक्का सुरुवातीच्या वेळेचा मारायचा की शेवटच्या, यावरही एकमत नाही. तोबियास ओइटिकर यांच्या आरआरडीटूलमध्ये, जे १९९९पासून नेटवर्कच्या असंख्य आलेखांच्या पोटात आहे, वेळेचा शिक्का पट्ट्याच्या शेवटाचा असतो. ग्राफाइटमध्ये तो सुरुवातीचा असतो. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवले तर एक आलेख दुसऱ्याच्या एक घर मागे चालताना दिसतो, आणि लोक त्यात कार्यकारणभाव शोधत बसतात.

साडेपाच तासांचा पेच

बहुतेक सगळी साधनं वेळ १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून उलटलेल्या सेकंदांत ठेवतात, आणि ती मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जागतिक समन्वित वेळेची. साठवणीसाठी हे उत्तम आहे. पंचाईत होते ती ‘दिवस’ मागितल्यावर. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे ५:३०. साधनाला वेगळं काही सांगितलं नाही, तर त्याचा दिवस पहाटे साडेपाचला उलटतो.

आपली प्रमाणवेळ ज्या ८२ अंश ३० कलांच्या रेखावृत्तावर ठरली आहे, ते छत्तीसगडमधूनच जातं. रायपुरात घड्याळ आणि सूर्य यांत सरासरी जेमतेम साडेतीन मिनिटांचा फरक पडतो. त्याच रायपुरातल्या मिलचा सर्व्हर मात्र पहाटे साडेपाचला तारीख बदलतो. रात्रपाळी संपायला तेव्हा अर्धा तास उरलेला असतो. पाळीची शेवटची ३० मिनिटं पुढच्या दिवसाच्या खात्यात जातात, आणि पाळी बदलताना होणारी धावपळ, बंद-चालू, अहवालांची छपाई यांचा भारही भलत्याच तारखेला पडतो.

दिवसाचा प्रश्न निदान लवकर लक्षात येतो. तासाचा येत नाही. यूटीसीचा तास आपल्याकडे साडेपाच ते साडेसहा, साडेसहा ते साडेसात असा पडतो. सकाळी ६, दुपारी २ आणि रात्री १० या पाळीबदलाच्या तिन्ही वेळा यूटीसीच्या तासाच्या बरोबर मधोमध येतात. म्हणजे यूटीसीवर आखलेल्या ताशी सरासऱ्या कितीही काळजीपूर्वक जोडल्या, तरी त्यांतून एकाही पाळीचा नेमका आकडा निघत नाही. १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासऱ्या असतील तर निघतो, कारण साडेपाच तासांना ३० मिनिटांनी पूर्ण भाग जातो. लंडन किंवा बर्लिनमध्ये बसून साधन घडवणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. त्यांचा फरक पूर्ण तासांचा असतो. त्यामुळे आपल्यासाठी नियम सोपा आहे: यूटीसीवर साठवायचं असेल तर ३० मिनिटांपेक्षा जाड खण, म्हणजे सरासरीसाठी पाडलेले काळाचे तुकडे, करू नयेत.

फंक्शनांनी यावर उपाय दिले आहेत, पण ते मागून घ्यावे लागतात. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘डेट_ट्रंक’ला १२व्या आवृत्तीपासून तिसरा घटक म्हणून टाइमझोन देता येतो. इलास्टिकसर्चच्या तारीखवार गटवारीत टाइमझोनचा पर्याय आहे, आणि तिथे ‘कॅलेंडरचा दिवस’ व ‘नेमके २४ तास’ हे दोन वेगळे पर्याय म्हणून मागावे लागतात. इन्फ्लक्सडीबीत गटवारीला विस्थापन देता येतं. प्रॉमिथिअसचं ‘आवर’ फंक्शन यूटीसीचाच तास सांगतं. भारतीय तास हवा असेल तर आधी वेळेत १९,८०० सेकंद मिळवावे लागतात. ज्यांना रात्रपाळीपुरतीच सूचना हवी असते, त्यांच्या नियमांत हा १९,८००चा आकडा हमखास भेटतो.

पायथनमधला एक सापळा तर खास आपल्यासाठीच रचल्यासारखा आहे. पायटीझेड या लोकप्रिय लायब्ररीतला ‘एशिया/कोलकाता’ हा झोन तारीख बनवतानाच थेट जोडला, तर फरक +५:३० न येता +५:५३ येतो. भारतीय प्रमाणवेळ येण्यापूर्वीच्या कोलकात्याच्या स्थानिक वेळेची ती नोंद. झोनच्या इतिहासातली पहिली नोंद म्हणून लायब्ररी तीच उचलते. कालखंड २३ मिनिटांनी सरकतो. १५ मिनिटांच्या हिशेबात ही चूक दीड खणाची होते. त्या लायब्ररीचं ‘लोकलाइझ’ हे फंक्शन वापरलं की ती टळते, आणि २०२०च्या ३.९ आवृत्तीपासून पायथनमध्येच आलेल्या ‘झोनइन्फो’त ती उद्भवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे घड्याळं तासभर पुढे केली होती. १९४५नंतर असं झालेलं नाही, त्यामुळे भारतात ‘एक दिवस’ आणि ‘२४ तास’ एकच ठरतात आणि या बाबतीत आपण सुखी आहोत. पण हे सुख भारतीय वेळेपुरतं आहे. सर्व्हर फ्रँकफुर्टच्या स्थानिक वेळेवर लावून ठेवला असेल, तर मार्चच्या शेवटच्या रविवारी त्याचा दिवस २३ तासांचा असतो.

खण कुठून मोजायचा?

समान लांबीचे खण पाडायचे तर पहिला कुठे सुरू करायचा हे सांगावं लागतं. ग्राफाइटचं ‘समराइझ’ फंक्शन खण एरवी घड्याळावर बसवतं. प्रश्नाच्या सुरुवातीपासून मोजायचे असतील तर तसा पर्याय द्यावा लागतो. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४व्या आवृत्तीत, २०२१ साली, आलेलं ‘डेट_बिन’ हे फंक्शन या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटतं. ते खणाची लांबी विचारतं आणि आरंभबिंदूही विचारतंच. आठ तासांची लांबी आणि कुठल्याही दिवशीचे सकाळचे ६ हा आरंभ दिला की तिन्ही पाळ्या आपोआप पडतात.

हा तांत्रिक बारकावा वाटेल, पण उरल्यात त्याला रुपयांत किंमत आहे. देशाच्या वीजग्रिडचा सगळा हिशेब १५ मिनिटांच्या खणांत चालतो; दिवसाचे ९६. उपलब्धतेवर आधारित दरपद्धत १ जुलै २००२ रोजी सर्वांत आधी पश्चिम विभागात लागू झाली. छत्तीसगड याच विभागात येतं आणि विभागाचं भारप्रेषण केंद्र मुंबईत आहे. किती वीज घेऊ म्हणून कळवलं आणि प्रत्यक्षात किती घेतली, यातली तफावत खणागणिक मोजली जाते. मोठ्या औद्योगिक ग्राहकाची कमाल मागणीसुद्धा १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीवर ठरते.

समजा, एका फर्नेसची मागणी एरवी १,००० केव्हीए आहे आणि सलग १५ मिनिटं ती ४,००० केव्हीएवर गेली. ही १५ मिनिटं एका खणात नेमकी बसली, तर त्या खणाची सरासरी ४,०००. तीच १५ मिनिटं दोन खणांच्या सांध्यावर अर्धी-अर्धी पडली, तर दोन्ही खणांची सरासरी २,५००. फर्नेस तीच, भार तोच, कमाल मागणी मात्र दीड हजाराने वेगळी. मीटर ठरलेल्या खणांवर मोजत असेल आणि मिलचा डॅशबोर्ड सरकत्या १५ मिनिटांवर, तर दोघांचं कधीच जुळणार नाही आणि दोघंही बरोबर असतील. म्हणून दोन्ही ठेवावेत. बिलाशी पडताळायला ठरलेले खण, आणि भट्टीवरच्या माणसाला वेळेत सावध करायला सरकता पट्टा.

वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांनी यात आणखी एक गाठ मारली. ग्राहक हक्क नियमांमध्ये २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी असे दर १ एप्रिल २०२४पासून लागू करायचे होते. सौरतासांत दर किमान २० टक्के कमी आणि जास्त मागणीच्या वेळेत किमान १.२ पट. स्वस्त विजेची वेळ समजा रात्री ११ ते पहाटे ५ असेल, तर एका महिन्याच्या प्रश्नाचं उत्तर एक सलग पट्टा उरत नाही. तीसेक तुकडे होतात आणि प्रत्येक मध्यरात्र ओलांडतो. ‘तास ११ पेक्षा मोठा आणि ५ पेक्षा लहान’ अशी अट लिहिणाऱ्याला एकही नोंद मिळत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १४व्या आवृत्तीतच आलेला बहुपट्ट्यांचा प्रकार इथे कामी येतो. हे तुकडे एकाच मूल्यात ठेवता येतात आणि पाळीच्या पट्ट्याशी त्यांचा छेद काढता येतो.

छेदाची सवय इतरत्रही लावून घ्यावी. संगणकशास्त्रज्ञ जेम्स ॲलन यांनी १९८३ साली दोन कालखंडांमधले १३ शक्य संबंध मांडले. रोजच्या कामात त्यांतला ‘एकमेकांवर चढतात का’ हा सर्वांत उपयोगी. वीज पहाटे ५:५० ते ६:२० गेली, तर तो खंड कोणत्या पाळीचा? सुरुवातीवरून ठरवलं तर सगळी ३० मिनिटं रात्रपाळीच्या माथी. दोन सुरुवातींतली उशिराची आणि दोन शेवटांतला आधीचा घेतला, तर रात्रपाळीला १० आणि पहिल्या पाळीला २०. ज्याच्या पाळीचा अहवाल आहे, त्याला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

‘आत्ता’ म्हणजे केव्हा?

ग्राफाइट, ग्राफाना, इलास्टिकसर्च या सगळ्यांत सापेक्ष काळ सांगायची सोय आहे: आत्तापासून मागे एक तास, आजच्या दिवसाच्या सुरुवातीपासून, गेला पूर्ण दिवस. ग्राफानात तर आर्थिक वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होतं हेही नोंदवता येतं, म्हणजे एप्रिलचा हिशेब सुटतो. सोय मोठी आहे, पण त्यातल्या ‘आत्ता’ला अर्थ कोण देतं हे तपासायला हवं. ग्राफानाचा डॅशबोर्ड मूळ मांडणीत पाहणाऱ्याच्या ब्राउझरचा टाइमझोन घेतो. उरल्यातल्या शिफ्ट इंचार्जने पाहिलेला ‘काल’ आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरने पहाटे मेलवर पाठवलेला ‘काल’ हे दोन वेगळे दिवस असू शकतात. इलास्टिकसर्चमध्ये दिवसावर गोल केलेली वेळ ‘पेक्षा लहान’ या अटीत दिवसाच्या सुरुवातीकडे सरकते आणि ‘लहान किंवा समान’ या अटीत दिवसाच्या शेवटाकडे. एका चिन्हाने २४ तास इकडचे तिकडे होतात.

डोळ्यांनी पाहण्याच्या आलेखाला सापेक्ष काळ चालतो. जो आकडा पुढे कोणाला पाठवायचा आहे, ज्यावर बिल, दंड किंवा बोनस ठरणार आहे, त्याला दोन्ही टोकं स्पष्ट लिहिलेली हवीत. शिवाय अहवाल पुन्हा चालवला तर तोच आकडा यायला हवा. ‘आत्ता’ आत दडलेलं फंक्शन ही हमी देऊ शकत नाही. म्हणून ‘आत्ता’ हे फंक्शनच्या आत वाचू नये, बाहेरून द्यावं. चाचणी करणंही मग सोपं होतं.

रिकामी जागा

मागितलेला पट्टा आठ तासांचा असला तरी नोंदी आठ तासांच्या असतीलच असं नाही. नेटवर्क तुटतं, सर्व्हर बंद पडतो. बहुतेक सरासरी फंक्शनं जे मिळालं त्याची सरासरी देऊन मोकळी होतात. तीन तासांच्या नोंदींवरचा आकडा आठ तासांचा म्हणून छापला जातो.

वाढत जाणाऱ्या मोजणीयंत्रांच्या बाबतीत, म्हणजे एकूण बाइट, एकूण विनंत्या अशा आकड्यांत, प्रश्न आणखी नाजूक होतो. प्रॉमिथिअसची ‘रेट’ आणि ‘इन्क्रीज’ ही फंक्शनं मधला रीसेट ओळखतात, आणि पट्ट्याच्या टोकांपर्यंत नोंदी पोचत नसतील तर उरलेला भाग अंदाजाने ताणून भरतात. त्यामुळे ‘किती वेळा घडलं’ याचं उत्तर कधी ४.२ असं येतं. कल पाहायला ते ठीक. मोजून हिशेब द्यायला नाही.

या बाबतीत संगणकवाल्यांनी पर्यावरणवाल्यांकडून एक गोष्ट उचलावी. २०१५पासून देशात वापरात असलेला हवा गुणवत्ता निर्देशांक बहुतेक प्रदूषकांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात, आणि त्यासाठी किमान १६ तासांचा डेटा असावा असं बंधन आहे. डेटा कमी असेल तर आकडाच द्यायचा नाही. उरला-सिलतरा परिसरात हवेचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे, आणि २०१४पासून पोलादासह १७ प्रवर्गांतल्या प्रदूषणकारी उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितलेलं आहे. तिथे अपुऱ्या डेटावरची सरासरी किती दिशाभूल करते हे सगळ्यांना कळतं. सर्व्हरच्या आकडेवारीत मात्र असा उंबरठा घातलेला क्वचितच दिसतो.

किती मागे जाता येतं?

कालखंड जुना होतो तसे त्याचे खण जाड होतात, हे अनेकांना प्रश्न विचारल्यावरच कळतं. आरआरडीटूलची तर कल्पनाच ही, की ठरलेल्या आकाराच्या फाइलमध्ये ताजा काळ बारीक आणि जुना काळ ठोकळ ठेवायचा. क्लाउडवॉच एका मिनिटाचे आकडे १५ दिवस, पाच मिनिटांचे ६३ दिवस आणि तासाचे ४५५ दिवस ठेवतो. तासाचा पेच वर सांगितलाच आहे. ६३ दिवस उलटल्यावर उरतात ते यूटीसीचे तास, आणि त्यांतून सकाळी ६ची रेघ पुन्हा काढता येत नाही. भारतीय पाळ्यांचे आकडे लागणार असतील तर दोन महिन्यांच्या आत स्वतंत्रपणे साठवावे लागतात. प्रॉमिथिअसची स्वतःची साठवण मूळ मांडणीत १५ दिवसांची असते.

लॉगच्या बाबतीत कायद्यानेच मर्यादा घातली आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे जपावे लागतात, आणि घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी, मिळवलेली असावी लागतात. निर्देश लॉगपुरते असले तरी घड्याळांची अट आकडेवारीलाही तितकीच मोलाची आहे. दोन यंत्रांची घड्याळं दोन मिनिटांनी वेगळी असतील, तर अर्ध-उघड्या पट्ट्यांची सगळी काटेकोर मांडणी वाया जाते.

नेमक्या वेळेची किंमत या देशाने २०१२च्या जुलैमध्ये पाहिली आहे. महिन्याच्या पहिल्याच पहाटे, ५ वाजून २९ मिनिटांनी, जागतिक घड्याळात एक लीप सेकंद घातला गेला आणि जगभर अनेक लिनक्स सर्व्हर अडखळले. महिनाअखेरीस ग्रिड कोसळलं: ३० जुलैला पहाटे २:३३ वाजता उत्तर विभाग, आणि ३१ला दुपारी १ वाजता उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन. पश्चिम विभाग, पर्यायाने रायपूर, तगलं. अशा घटनेनंतर कोणता रिले आधी पडला हे ठरवायला मिलिसेकंदांपर्यंत जुळलेल्या नोंदी लागतात. पण त्याआधी तारीख बरोबर हवी. पहाटे २:३३ म्हणजे यूटीसीत आदल्या रात्रीचे ९:०३, तारीख २९ जुलै. यूटीसीच्या दिवसावर ‘३० जुलैची आकडेवारी’ मागणाऱ्याला, ज्या क्षणासाठी विचारलं तोच क्षण मिळणार नाही.

काय ठरलं, काय नाही

एवढ्या साधनांनंतर काही गोष्टींवर जवळपास एकमत झालं आहे. साठवण यूटीसीत. कॅलेंडरचे खण पाडताना फरकाचे नुसते तास न देता झोनचं पूर्ण नाव द्यायचं. अहवालाच्या पट्ट्यात सुरुवात आत, शेवट बाहेर. घड्याळ मागेपुढे झालं तरी न हलणारी वेळ वेगळी ठेवायची आणि दोन घटनांमधलं अंतर तिच्यावरच मोजायचं. वेळेचा शिक्का खणाच्या कोणत्या टोकाला मारायचा, अपुऱ्या नोंदींवर आकडा द्यायचा की नाही, आणि टोकाशी अंदाज बांधायचा की जे आहे तेवढंच सांगायचं, या तीन प्रश्नांवर मात्र प्रत्येक साधनाचं वेगळं मत आहे, आणि ते एवढ्यात जुळेल असं दिसत नाही.

म्हणून हा निर्णय साधनाकडून काढून आपल्याकडे घ्यावा. कारखान्याच्या सगळ्या प्रणालीत पाळीचा कालखंड बनवणारं फंक्शन एकच असावं. त्याला तारीख आणि पाळी द्यायची. त्याने दोन नेमके क्षण परत करायचे. १४ मार्च २०२४ची रात्रपाळी म्हटलं की १४ला रात्री १० आणि १५ला सकाळी ६, भारतीय वेळेनुसार; तेच यूटीसीत १४ला १६:३० आणि १५ला ००:३०. वीज, सर्व्हर, धुराडं, उत्पादन, कोणताही प्रश्न असो, टोकं इथूनच घ्यायची. उत्तराबरोबर तीन गोष्टी छापायच्या: पट्ट्याची दोन्ही टोकं, झोन, आणि अपेक्षित नोंदींपैकी किती टक्के मिळाल्या. या तीन ओळी ज्या अहवालात नाहीत, त्यावर वाद घालायला बसूच नये. आधी त्या मागून घ्याव्यात.